नवजात मापाचे डायपर साठवू नका
एका लेखात बाळासाठी तीन महिन्यांचे डायपर आधीच भरून ठेवायला सांगितलंय, ते पटलं नाही. नवजात मापाचे डायपर साधारण 5 किलोपर्यंतच चालतात आणि बरीच बाळं दीड-दोन महिन्यांत ते वजन ओलांडतात. सुरुवातीला दिवसाला 8 ते 10 लागतात, म्हणून आधी आठवड्याभराचे 60-70 नग पुरे. पुढचं माप बाळाचं वजन पाहूनच घ्या. मांडीवर लाल वळ उठले किंवा शी पाठीकडून बाहेर यायला लागली, की माप लहान झालं समजा. माप बरोबर असूनही गळत असेल तर बऱ्याचदा मांडीकडची झालर आत दुमडलेली असते. बोट फिरवून ती बाहेर काढा. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीखाली दुमडा.

वाइप्स बिनवासाचे, दोन पाकिटं बस्स. घरी कोमट पाणी आणि कापूसच उत्तम. पहिली काळी शी फार चिकट असते, आधी खोबरेल लावलं की सहज निघते.

लंगोट वापरणार असाल तर मऊ सुती 25 तरी हवेत, पावसाळ्यात 35, कारण वाळतच नाहीत. धुताना फॅब्रिक कंडिशनर टाळा, कापड पाणी शोषेनासं होतं.