ती घटपर्णी मेघालयाची नाही, आणि तिचं पाणी डोळ्यांत घालायचं नाही

'मेघालयाच्या जंगलातली दुर्मिळ घटपर्णी आता तुमच्या बाल्कनीत' हा फॉरवर्ड पावसाळ्यापासून फिरतोय. घटपर्णी, म्हणजेच नेपेन्थिस, हे पानाच्या टोकाला लटकणाऱ्या घटात किडे पकडून पचवणारं झाड. मी तो न वाचता पुढे सरकवत होते. परवा मावशीचा फोन आला: मोतीबिंदूचं ऑपरेशन जरा लांबवून आधी घटातलं पाणी घालून बघू का गं? रोप भाच्याने आणूनच दिलं होतं, कुंडीवर 'खासियाना' अशी चिठ्ठीही होती. मग मात्र मी तो मजकूर नीट वाचला.

त्याचं म्हणणं एवढंच: नर्सरीत मिळतं ते मेघालयाचं नेपेन्थिस खासियाना. एक कुंडी ठेवा, डेंग्यूचे डास संपतात. घटातलं पाणी डोळ्यांत घाला, मोतीबिंदू विरघळतो. अधूनमधून चिकनचा तुकडा द्या. आणि हो, ही आपल्या कासलाही उगवते.

आधी चिठ्ठीचं बघू, कारण बाकी सगळं तिच्याच जिवावर चाललंय. फॉरवर्डमधल्याच फोटोतल्या घटाकडे बघा. खाली गोल पोट, मध्ये कंबर आवळल्यासारखी, तोंडाचा काठ लालसर, चकचकीत. ही कंबर व्हेंट्रिकोसा या फिलिपिन्सच्या जातीकडून येते. खासियानाचा घट खाली थोडा फुगीर आणि वर सरळ नळीसारखा असतो, काठ अरुंद, आणि अशी आवळलेली कंबर नसते. कोवळ्या रोपाच्या खालच्या घटांवरून फसायला होतं, म्हणून वाढलेल्या वेलीवरचे घट बघावेत. फोटोतलं रोप नेपेन्थिस व्हेंट्राटा नावाचा संकर आहे. चिवट, भराभर वाढणारा, चुका पोटात घालणारा. नर्सरीवाल्यांना तो आवडतो यात नवल नाही.

काही कुंड्यांवर 'अलाटा' या दुसऱ्या जातीचं नाव लिहिलेलं असतं. तेही बहुधा चूकच. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे मार्टिन चीक आणि डब्लिनच्या वनस्पती उद्यानाचे मॅथ्यू जेब यांनी 2013 मध्ये युरोपियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमीत अलाटाचा अख्खा गट नव्याने तपासला. अलाटा म्हणून कित्येक वर्षं ज्या झाडांकडे बोट दाखवलं जायचं त्यातली पुष्कळशी त्यांनी वेगळी काढली, बरीचशी ग्रॅसिलिफ्लोरा या नावाखाली, आणि खरं अलाटा फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तर भागापुरतं उरलं. म्हणजे व्हेंट्राटाचे आईबाप 'अलाटा आणि व्हेंट्रिकोसा' असं जुन्या पुस्तकांत छापलंय, त्यातल्या अलाटाच्या जागीही आता ग्रॅसिलिफ्लोरा वाचावं लागतं. जिथे अभ्यासकांना नावं बदलावी लागली, तिथे कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर किती विसंबायचं?

शिवाय साधा व्यवहार बघा. खासियाना ही भारतात रानात आढळणारी एकमेव नेपेन्थिस, गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिचं नाव घालून संरक्षण दिलंय, लागवडीला आणि विक्रीला परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात ती पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. चिठ्ठी खरी असेल तर विकणाऱ्याकडे परवाना मागा. काय उत्तर मिळतं ते ऐकण्यासारखं असेल.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. 'गाया' नावाचा एक संकर बाजारात असतो, त्याच्या आईबापांत खासियाना आहे. तेव्हा एखाद्याच्या कुंडीत खासियानाचा अंश असूही शकतो. पण अंशच.

आता डोळ्यांचं. मेघालयात काही ठिकाणी खासियानाच्या न उघडलेल्या घटातलं पाणी डोळ्यांच्या तक्रारींवर वापरतात, हे खरं. फॉरवर्डवाल्याने तेवढंच उचललं आणि 'न उघडलेल्या' हा शब्द गाळला. उघड्या घटात काय असतं? कुजणाऱ्या मुंग्या, माश्या, जिवाणू, आणि प्रथिनं पचवणारा नेपेन्थेसिन हा विकर (एन्झाइम), तोही आम्ल पाण्यात. ते पोट आहे हो त्या झाडाचं. पोटातला रस डोळ्यांत घालणार? न उघडलेला घट घेतला तरी मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होणं. बुबुळावर टाकलेल्या थेंबाने ते निवळत नाही. त्याला ऑपरेशनच. आणि मावशीच्या कुंडीत तर मेघालयाचं झाडच नाही, म्हणजे लोकऔषधाचा आधारही गेला. तिला सांगितलं, तारीख बदलू नकोस, आणि त्या घटात बोटसुद्धा घालू नकोस.

डासांबद्दल केरळचा एक अभ्यास पुढे केला जातो. 2017 मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यानातल्या संशोधकांनी दाखवलं की नेपेन्थिसच्या घटातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि भक्ष्य ओढायला त्याचा उपयोग होतो. ठीक. डासही या वायूमागे येतात, हेही ठीक. पण शेजारी श्वास सोडणारा माणूस बसलेला असताना डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी घटाकडे कशाला वळेल? तिला रक्त हवंय. घटात सापडतात त्या मुख्यतः मुंग्या. उलट ट्रिप्टेरॉइडिससारख्या काही डासांच्या अळ्या याच घटांतल्या पाण्यात आरामात वाढतात. डेंग्यू टाळायचा असेल तर कुंडीखालची बशी रिकामी करा.

कासचं एका ओळीत: तिथे ड्रॉसेरा आहे, सीतेची आसवं आहेत, दोन्ही कीटकभक्षी, नेपेन्थिस नाही.

आणि चिकन घालू नका. घट सडून काळा पडतो आणि घरभर वास सुटतो. शेणखतही नको, ही झाडं निकस मातीतलीच. नारळाच्या काथ्यात किंवा नर्सरीत मिळणाऱ्या शेवाळात (मॉस) लावा, पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या, भरपूर उजेड द्या पण दुपारचं ऊन टाळा. आणि चिठ्ठी बदलून 'व्हेंट्राटा' लिहा.