परत आलेला चेक आणि थांबलेली सळईची गाडी: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. खात्यात पैसे असताना 86,400 रुपयांचा चेक परत आला, आमच्या पोराने गवंड्यासमोर 'चेक बाउन्स झालाय' असं सुनावलं, स्लॅबच्या आदल्या दिवशी सळईची दुसरी गाडी थांबली आणि वर 500 रुपये दंड घेतला, असं तुम्ही लिहिलंय. यातलं काहीही खोटं नाही.

आधी गवंड्यासमोरच्या बोलण्याबद्दल माफी मागतो. आपल्याकडे चेक बाउन्स झाला म्हटलं की ऐकणारा एकच अर्थ काढतो: खात्यात पैसे नव्हते. चार माणसं कामावर असताना असं ऐकून घेणं सोपं नाही. पोराने बँकेचा मेसेज बघितला आणि तुम्हाला फोन लावला, स्पीकर चालू होता. चेक का परत आला ते बँक मेमोवर, म्हणजे सोबतच्या चिठ्ठीवर, लिहून देते. ते कारण त्याने बघितलंच नाही. बघायचं असतं हे आम्ही त्याला कधी शिकवलं नव्हतं.

कारण तुम्ही स्वतःच रिव्ह्यूत लिहिलंय म्हणून इथे बोलतो: सही जुळत नाही. तो चेक तुम्ही आमच्या गाडीच्या बॉनेटवर लिहिलात, खाली चलनाचं पॅड होतं. मी समोरच उभा होतो. पॅड सरकलं आणि सहीचं शेवटचं अक्षर वर चढलं. मी तेव्हाच 'दुसरा चेक लिहा' म्हणायला हवं होतं. कारण आता कागद तुमच्या बँकेत जातच नाही, त्याची प्रतिमा जाते. तिकडचा माणूस ती सही खातं उघडताना दिलेल्या नमुन्याशी ताडून बघतो. पंधरा वर्षांत माणसाचा हात बदलतो, नमुना तोच राहतो. एकदा शाखेत जाऊन नवा नमुना देऊन या, ही विनंती.

दुकानात परत आलेल्या चेकची एक फाईल आहे. पैसे कमी असलेले चेक त्यात आहेतच, पण बाकीचेही कमी नाहीत. तारखेला तीन महिने उलटलेले (1 एप्रिल 2012 पूर्वी सहा महिने चालायचे, जुनी माणसं अजून तोच हिशेब धरतात). नाव किंवा रक्कम खोडून शेजारी सही केलेले. तारखेची दुरुस्ती सोडली तर ते चालत नाही, नवाच चेक लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर जुन्याच चेकबुकातून फाडलेले. आणि अक्षरी एक, आकडी दुसरीच रक्कम असलेले. चेक-हुंड्यांच्या 1881 च्या कायद्याचं कलम 18 सांगतं की अशा वेळी अक्षरी रक्कम धरावी, तरी बँका धोका न पत्करता चेक परत पाठवतात. यातला एकही ग्राहक लबाड नव्हता. तुम्हीही नाही.

त्याच कायद्याच्या कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याबद्दलच्या खटल्याचा, विषय फोनवर निघायलाच नको होता. चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, आणि तरीही दिले नाहीत तर कोर्ट, अशी ती वाट आहे. तुम्ही मंगळवारी दुपारीच पैसे पाठवलेत.

गाडी थांबवायचा निर्णय मात्र माझा होता आणि तो मला आजही बरोबर वाटतो. तुमचे पैसे येणार म्हणून मी सोमवारीच सळईच्या कंपनीला चेक दिला होता. तुमचा वटला नाही, म्हणून माझाही परत आला, आणि त्यावर मात्र 'पैसे अपुरे' असंच लिहिलं होतं. सळईच्या धंद्यात नफा किलोमागे मोजायचा असतो, एक चेक अडला की पुढचे अडतात.

पण एक चूक तुमच्या रिव्ह्यूत नाही, ती मीच सांगतो. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो, समोरच्या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत कळवावं लागतं. आम्हाला सोमवारी संध्याकाळीच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं मंगळवारी सकाळी, गाडी भरायच्या वेळी. रात्रीच फोन केला असता तर तुम्ही रात्रीच एनईएफटी केलं असतं, ते चोवीस तास चालतं, आणि स्लॅब ठरल्या दिवशी पडला असता.

आमच्या बँकेने तुमच्या चेकचे जीएसटीसह 118 रुपये कापले. आम्ही 500 घेतले. वरचे 382 आज तुमच्या खात्यात पाठवलेत आणि बिलामागची 500 रुपये दंडाची छापील ओळ काढून टाकतोय. यापुढे प्रत्येक चेक परतला की मेमोचा फोटो त्याच संध्याकाळी फक्त ग्राहकाला जाईल. मिक्सर आणि मजुरीचा जो एक दिवस वाया गेला, त्याची पावती दुकानावर आणून द्या. ते पैसे मी भरतो.