अपघात खरा, पण लढाईतलाच

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडच्या लॉक नेस तलावात पडलेल्या वेलिंग्टन या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही विचारता, ‘सरावात इंजिन बंद पडून मेलेल्या पोराला हुतात्मा कसं म्हणायचं? अपघात काय, एसटीलाही होतात.’

‘हुतात्मा’ हा शब्द मी घाईने वापरला, तो काढतो. पण एसटीची तुलना मला अजिबात पटलेली नाही.

हे विमान मुळात सरावाचं नव्हतंच. १८ डिसेंबर १९३९ ला हेलिगोलँड या जर्मन बेटाजवळच्या चकमकीत ते होतं. तिथे पोहोचलेल्या २२ वेलिंग्टनपैकी १२ त्या एका दिवसात गेली. हे वाचलं, आणखी मोहिमा करून आलं आणि वर्षभरातच स्कॉटलंडमधल्या लॉसीमथच्या प्रशिक्षण तुकडीकडे गेलं. तेव्हाची रीतच तशी होती. धडधाकट विमानं आघाडीला, झिजलेली शिकाऊंच्या वाट्याला. त्यात तिकडचा हिवाळा, ढगात बुडालेले डोंगर आणि जेमतेम तास भरलेली पोरं. आघाडीवर माणसं संपत होती म्हणून मागे शिकवायची ही घाई. मग यातला मृत्यू लढाईबाहेरचा कसा?

३१ डिसेंबर १९४०. डोंगरांवर उजवं इंजिन बंद पडलं. वैमानिकाने सहा जणांना उड्या मारायला सांगितलं. पाच जण वाचले. मागचा गनर सार्जंट फेन्सम, वय २०, त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नाही. राहिलेल्या दोघांनी विमान तलावावर उतरवलं आणि रबरी होडीतून काठ गाठला.

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, ५५,५७३ जण त्या युद्धात मेले. त्यातले पाच हजारांहून जास्त सराव आणि तशाच अपघातांतले. युद्धकबरींच्या आयोगाने त्यांना वेगळा दगड दिला नाही. हुद्दा, नाव, तारीख, सगळं त्याच मापाचं.

‘गोऱ्यांच्या पोरांचं आपल्याला काय’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याच वर्षी भारतातून २४ वैमानिक ब्रिटनला गेले होते, तिथल्याच हवेत शिकायला. आपल्याकडचीही कुणाकुणाची पोरं त्या आकाशात होती.

आणि एक, जे लेखात राहून गेलं. १९८५ मध्ये हे विमान सुमारे ७० मीटर खोलातून वर काढलं. आता ते इंग्लंडमधल्या वेब्रिजच्या ब्रुकलँड्स संग्रहालयात आहे, जिथे बांधलं गेलं तिथेच. वरचं कापड गेलंय, आतली धातूच्या पट्ट्यांची वीण उघडी पडलीये, भल्यामोठ्या टोपलीसारखी. ४५ वर्षं पाण्यात राहूनही, बॅटरी जोडल्यावर त्याचे शेपटीचे दिवे लागले होते. मागचा गनर बसतो ती जागा त्या दिव्यांच्या शेजारीच असते.