पाना न लागलेल्या पिकअपचा रास्त भाव

जुनी पिकअप घ्यायची ठरली की आधी गावभर सांगून टाका. चहाच्या गाड्यावर, मार्केट यार्डात हमालांना, सासुरवाडीला फोन करून. 'डिसेंबरात कांदा यायला लागला, आता आठ दिवसांत गाडी पाहिजेच' एवढं वाक्य पुरतं. एजंट तुम्हाला शोधत घरी येईल. गरजवंताला अक्कल नसते हे त्याला पाठ असतं, त्यामुळे भाव ठरवायचा निम्मा ताप तिथेच मिटतो.

बघायला सकाळी लवकर मात्र जाऊ नका. रात्रभर थंड पडलेलं डिझेल इंजिन पहिल्या सेल्फला काय बोलतं ते ऐकलं की उगाच मन खट्टू होतं. धूर निळा असला तर ऑइल जळतंय, काळा असला तर डिझेल जास्त पडतंय, पांढरा थांबतच नसेल तर आणखी काही. ही मेस्त्री लोकांची दुखणी. तुम्ही फोन करून दुपारी दोनची वेळ घ्या. तोवर मालकाने गाडी फिरवून, गरम करून ठेवलेली असते. बॉनेटला हात लावून चटका बसलाच तर तो म्हणेल, "सोलापूरचं ऊन हाय की ओ मालक!" मे महिना असेल तर तो खरंही बोलत असेल.

मग ते प्रसिद्ध वाक्य येईल: "इंजिनला अजून पाना लागला न्हाई." म्हणजे इंजिन कधी उघडलंच नाही. इथे मान डोलवायची. हेडच्या बोल्टांचे कोपरे कुरतडल्यासारखे दिसले तर नजर वळवायची. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून ठेवलं आणि ते थयथय नाचायला लागलं, खालून धूर फसफसला, की लोक लगेच रिंग-पिस्टन गेले म्हणतात. लोकांचं काय, झाकण आनंदानेही नाचत असेल.

किलोमीटर विचारून घ्या, पण गुणाकार करू नका. मीटरवर साठ हजार, गाडी सात वर्षांची, आणि मालक अभिमानाने सांगतोय की आठवड्याला पुण्याच्या दोन खेपा ठरलेल्या होत्या. सोलापूर ते पुणे अडीचशेच्या आसपास. दोन खेपा जाऊन-येऊन हजार, म्हणजे एका वर्षातच पन्नास हजार पार. उरलेली सहा वर्षं गाडी बहुधा चालत नसावी, उडत असावी. क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल, किंवा अख्ख्या केबिनमध्ये तेवढंच एक कोरं करकरीत असेल. दोन्हीकडे बघू नका. सीटकव्हर बघा. मखमली आहे, गोंडे लावलेत.

आता हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग. मालक शपथेवर सांगेल, "हलका माल ओ, टॉवेल-चादरीच्या गाठी फक्त, एमआयडीसीतनं ट्रान्सपोर्टपर्यंत." तुम्ही चुकूनही मागचा फाळका पाडून आत चढू नका. चढलात तर तळाच्या पत्र्याला पोचे आलेले दिसतील. फाळक्याच्या बिजागरीत बोट घातलंत तर बोटाला वाळू लागेल, चांगली जाडी, नदीची. सोलापुरी चादर धुतल्यावर मऊ पडते एवढं माहीत होतं, तिच्यातून वाळू गळते हे नवीन. वाकून पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघितलेत तर मूळच्या पाट्यांखाली एक जादा पाटा घातलेला असेल. कंपनीने ठरवलेल्या वजनावर ज्याचं भागत नाही तोच पाटा वाढवतो. टॉवेलवाल्याला त्याची गरज पडत नाही. आणि रात्रीच्या वाळूच्या खेपा मारलेल्या गाडीची महसूल खात्याशी जुनी ओळख असू शकते. ती गाडी तहसील कचेरीच्या आवारात किती दिवस उभी होती, दंड भरला का, हे विचारणं म्हणजे पाहुण्याच्या घरी जाऊन त्याच्या पोराचे मार्क विचारण्यासारखं आहे. आपल्याकडे तसं करत नाहीत.

सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घेताना दात मोजणारा, चार पावलं चालवून बघणारा आपला माणूस सहा लाखांच्या गाडीपुढे एकदम संत होतो, हे मला फार आवडतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ते वाचायला खाली बसावं लागतं, पँट मळते. टायरला काळं पॉलिश मारलंय ना, मग झालं. मागच्या काचेवर 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' असेल तर ब्रेकही तपासायला नकोत. स्वामी पाठीशी आहेत, पुढच्या ट्रकचं तुम्ही बघा.

गाडी सात वर्षं दहा महिन्यांचीच का विकायला काढली, असा एक आगाऊ प्रश्न सुचू शकतो. आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन-दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो. हे सगळं तुमच्या नशिबात यावं म्हणून बिचारा आधीच बाजूला होतोय. 'पासिंग अजून दोन महिने हाय' हे तो दिलासा म्हणून सांगतो, तुम्हीही तसंच घ्या.

मुख्य मुद्दा भावाचा. काही चिकट माणसं त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या चार गाड्यांचे भाव काढतात. मग कागदावर टायर, बॅटरी, क्लचप्लेट, पाटे, पासिंग, विमा असा दोन महिन्यांत अंगावर येणारा खर्च मांडून तो वजा करतात. वर विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बघतात, जी पाचव्या वर्षी नव्या गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर येते. आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे, पण बोलायला आधार होतो. असा कागद खिशातून काढलात तर एजंट तुम्हाला 'वकीलसाहेब' म्हणायला लागेल आणि चहा येणार नाही.

सभ्य रीत वेगळी आहे. मालक सहा सांगतो, तुम्ही पाच ऐंशी म्हणता. एजंट तुमचा खांदा दाबून तुम्हाला गाडीच्या पलीकडे नेतो आणि कानात सांगतो, "अण्णा, दुसरी पार्टी बार्शीहून निघालीय." मग पाच नव्वदला सौदा ठरतो. दहा हजार सोडवले म्हणून छाती फुगते. तुमच्याकडून कमिशन, तिकडून कमिशन, आणि संध्याकाळी सगळ्यांचं मटण-कडक भाकरीचं बिल तुमच्याकडे. विसार आधीच देऊन ठेवलेला असतो, तोही रोख, पावतीशिवाय. माणसावर विश्वास नको का?

कागदांची घाई करू नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, फायनान्सचा बोजा असला तर 'एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र) कुरियरने येतीय' यावर समाधान माना. बोजा उतरवायचा फॉर्म 35 वगैरे येईल मागून. नंबर टाकला की दंडाची चलनं मोबाईलवर दिसतात, म्हणून त्या दिवशी मोबाईल घरी ठेवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घेऊन ते गाडीच्या कप्प्यात ठेवून द्या. ट्रान्सफरसाठी कायद्याने तीस दिवस दिलेत, आपल्याकडे तीन वर्षंही चालतात. तोवर गाडी तुमची, नाव त्याचं. एखादा अपघात झालाच तर भरपाईच्या दाव्यात नोटीस आधी त्या जुन्या मालकाला जाते, मग तो तुम्हाला शोधत येतो, आणि तुम्ही दोघं मिळून एजंटाला फोन लावता. तो लागत नाही. त्याने सिमकार्ड बदललेलं असतं.