अश्वशक्तीआधी पकड

साठच्या दशकातील शेव्हेल, रोडरनर यांसारख्या गाड्या एरवी रस्त्यावर चालवून सुट्टीच्या दिवशी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेत पाव मैल शर्यत लावण्याच्या ट्रॅकवर, उतरवणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींवरील हा लेख आवडला. मात्र त्यात सारे श्रेय इंजिनाच्या अश्वशक्तीला दिले आहे, ते पटले नाही. पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची वेळ बरीचशी पहिल्या ६० फुटांतच ठरते आणि तेथे प्रश्न ताकदीपेक्षा पकडीचा असतो. म्हणूनच ओहायोतील नॉरवॉकसारख्या ट्रॅकवर जाणकार मंडळी आधी मागच्या टायरांतील हवा कमी करतात, पाण्यावर चाके फिरवून रबर तापवतात; ताकदीसाठी दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडून इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर) बर्फाच्या पिशव्या ठेवणे त्यानंतर येते. गाडी सुटताना टायरच्या बाजूंना पडणाऱ्या सुरकुत्यांवरून अनुभवी नजरेला पकडीचा अंदाज येतो.

खरी ओढाताण गिअरची आहे. मागच्या अ‍ॅक्सलला ४.१० चे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) बसवले तर गाडी झेप घेते, पण ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) नसेल तर घरी परतताना ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला ३३०० च्या आसपास फेरे घेत कोकलत राहते, ३.२३ वर प्रवास सुखाचा होतो, सुटण्यातला जोर मात्र जातो. (पेट्रोलच्या खर्चाविषयी न बोललेलेच बरे.) शिवाय ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करावी लागते आणि संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, त्यामुळे चौदा सेकंदांची गाडीही अकरा सेकंदांच्या गाडीला रीतसर हरवू शकते, हे लेखात यायला हवे होते.