शंकरराव असते तर दादाचा ऊस

दादाचा फोन आला की आधी त्याचाच प्रश्न असतो, "तिकडं पाऊस हाय का?" इथं नेदरलँड्सच्या उत्रेख्तला पाऊस असतोच. मग त्याची गाडी सुरू होते. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडलं नाही, नाशिक-नगरवाले कोर्टात गेले, आपले आमदार झोपलेत. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "शंकरराव असते तर ही वेळच आली नसती."

आमचं गाव पाथरी तालुक्यात. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, आणि आमची चारी, म्हणजे शेताकडं पाणी नेणारा फाटा, पार त्याच्या शेपटाकडं. त्यामुळं शंकरराव चव्हाण हे आमच्या घरात पुढाऱ्याचं नाव कधी नव्हतंच, ते पाण्याचं नाव होतं. 1920 साली पैठणात जन्म, राजकारण नांदेडचं. तिथल्या नगराध्यक्षपदापासून राज्यात पाटबंधारे खातं, 1975 ते 77 आणि 1986 ते 88 असं दोनदा मुख्यमंत्रिपद, शिवाय केंद्रात गृह आणि अर्थ. लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे, त्यात धाकही होता आणि चेष्टाही. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीचा पाया घातला गेला. 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. ते आणीबाणीचे दिवस होते, पण आमच्याकडं कुणी ते काढत नाही. धरण काढतात. धरणाच्या जलाशयाखाली, नाथसागराखाली, ज्यांची गावं गेली, त्यांच्याकडं मात्र वेगळ्या आठवणी असणार.

आता इकडचं. मार्च 2023 मध्ये माझ्या दारात मतदानाचं पत्र आलं. मी डच नागरिक नाही, त्यामुळं त्याच दिवशी होणाऱ्या प्रांताच्या निवडणुकीत मला मत नव्हतं. पाण्याची पातळी ठरवणाऱ्या पाणीमंडळाच्या निवडणुकीत होतं. देशात अशी 21 मंडळं आहेत, काहींची मुळं तेराव्या शतकातली. तांबडी पेन्सिल हातात घेऊन मी बेडशीटएवढ्या मतपत्रिकेसमोर उभा राहिलो आणि हसू आलं. पाथरीच्या माणसाला पाण्यावर पहिलं मत मिळालं ते समुद्रसपाटीखालच्या देशात!

इथलं भांडण आपल्या उलट्या बाजूचं. चरातलं पाणी किती खाली ठेवायचं यावर भांडतात, तेही सेंटिमीटरमध्ये. शेतकऱ्याला ते खाली हवं, म्हणजे ट्रॅक्टर रुतत नाही. निसर्गवाल्यांना वर हवं, कारण पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन वाळली की खचते. मंडळात दोन जागा शेतकऱ्यांना राखीव, दोन निसर्गवाल्यांना, बाकी सगळ्या मतांवर. वर्षाला पाणीपट्टीचं बिल येतं ते वेगळंच. माझा शेजारी यादी न वाचताच खूण करतो, म्हणजे लोक तिकडून इकडून सारखेच. फरक एवढाच की पाण्याची पातळी ठरली की ती कोणी ठरवली, त्या माणसाचं नाव सांगता येतं.

आपल्याकडं कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. 2005 मध्ये शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र त्यातूनच आलं. आता तो आकडा कमी करण्याची शिफारस झाली आहे आणि मराठवाडा चिडलाय. चिडणं बरोबरच आहे. नदीच्या वरच्या अंगाला बसलेल्याला खालच्याची तहान दिसत नाही, त्याला ती आकड्यात बांधूनच दाखवावी लागते.

पण दादाचं "शंकरराव असते तर" मला पटत नाही, आणि तेही शंकररावांमुळंच. दुसऱ्या खेपेला मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी आठमाही पाण्याचा आग्रह धरला होता. कालव्याचं पाणी खरिपाला आणि रब्बीला, आठ महिने. बारमाही नाही. म्हणजे साध्या भाषेत, उसाला नाही. ऊस बारा महिने पाणी पितो, आणि एका उसाच्या फडाच्या पाण्यात किती जणांची ज्वारी-हरभरा निघतो हे टेलच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ज्या राज्यात कारखान्यातून आमदार निघतात तिथं हे बोलणं म्हणजे विंचवाच्या बिळात हात घालणं. साखरवाले खवळले. धोरण कागदावर राहिलं आणि ऊस शेतात वाढला.

मला तर जायकवाडीपेक्षा हाच शंकररावांचा मोठेपणा वाटतो, आणि नेमका तोच आम्ही जयंतीच्या भाषणांतून गाळतो. धरण बांधणारा हवा, पाण्याची पाळी मोजणारा नको. आमच्या चारीवरही पाणीवापर संस्था आहे म्हणे. तिची बैठक शेवटची कधी झाली, विचारल्यावर दादानं विषय बदलला.

परवा मी सरळच विचारलं, "दादा, यंदा किती लावला ऊस?"

"तीन एकर."

"मग शंकरराव असते तर आधी कुणाचं पाणी बंद केलं असतं?"

फोन कट झाला असं वाटलं. मग हसण्याचा आवाज. "तू तिकडं पावसात बसून बोलाय लागलास. बेण्याचं उधार कोण फेडणार?" आणि जरा थांबून, "पण हरभऱ्याला हमीभावानं घेणारा दाखव मला, उद्या ऊस मोडतो."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाळी आली का, एवढंच विचारलं. वरच्या दारापर्यंत आलीय म्हणाला, आता पाटकऱ्याला गाठायला चाललोय.