आगळ प्या, गोळ्या सोडा म्हणे!

माझा मोठा भाऊ बस चालवतो. चार वर्षं बीपीची गोळी चालू आहे. मी चिपळुणात औषधाच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे त्याची स्ट्रिप माझ्याच हातून जाते. या महिन्यात कोणी न्यायला आलंच नाही. रविवारी घरी जाऊन त्याची ड्युटीची पिशवी उघडली, तर स्ट्रिपमधल्या अकरा गोळ्या जशाच्या तशा. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोकमाच्या आगळाची बाटली.

"अगो, हलकं वाटतं आता," दादा म्हणाला आणि मोबाइल पुढे केला.

फॉरवर्ड ड्रायव्हरांच्या ग्रुपवरचा. 'चालक बांधवांनो, आरोग्य शिबिरांच्या नादी लागू नका.' खाली पाच मुद्दे: घाटात गाडी चालवणं हाच व्यायाम, ड्रायव्हरचे आजार गाडीमुळे नाहीत, मुळातल्या शरीरामुळे, ड्युटीवर पाणी कमी प्या, म्हणजे गाडी थांबवावी लागत नाही, रोज उपाशीपोटी अर्धी वाटी आगळ प्या आणि बीपीच्या गोळ्या सोडा, शिबिरात बीपी निघाला की घरी बसवतात.

चौथ्यापासून सुरू करते, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

आगळ म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागावं? कोकमाचे रतांबे फोडायचे, सालांना मीठ लावून बरणीत भरायचे, सुटेल तो रस म्हणजे आगळ. ते वर्षभर टिकतं ते मिठाच्या जिवावर. आणि बीपीच्या माणसाला डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती मीठ कमी करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही आमटी, लोणचं, सुकी मासळी सगळं धरून. त्यात सकाळी सकाळी अर्धी वाटी आगळ! सोलकढीवर माझा काही राग नाही, जेवणासोबत वाटीभर प्या की. पण ती गोळीची जागा कशी घेणार?

मग हलकं का वाटलं? दादा घेतो ती अम्लोडिपिनची गोळी अंगातून उतरायला काही दिवस लागतात. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस आधीची गोळीच काम करत असते आणि नाव होतं आगळाचं. पुढे बीपी चढतो, तोही बहुतेकांना जाणवत नाही. मी मशीन सोबत नेलं होतं. दादाचा निघाला 168 वर 104. म्हणे, "तुझं मशीन बिघडलंय." माझा मोजून दाखवला, 118 वर 76. मग गप्प बसला. पाच मिनिटांनी परत मोजला, फार फरक नव्हता. हा माणूस दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं घेऊन कुंभार्ली घाट उतरणार होता.

आता स्टिअरिंगचा व्यायाम. दंड दुखतात आणि क्लच दाबून डावा गुडघा बोलतो, हे खरं. पण अंग दुखलं म्हणजे व्यायाम झाला असं नव्हे. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास केला. 1953 साली तो 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. साधारण 31,000 माणसं, ड्रायव्हर आणि कंडक्टर. गाडी तीच, शहर तेच. पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि दिवसात पाचशे-सातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. बैठं काम आणि हृदयविकार यांचा संबंध जग गांभीर्याने घ्यायला लागलं ते बस ड्रायव्हरांमुळेच. आणि त्याच ड्रायव्हरांना हा फॉरवर्ड सांगतो की सीट हीच व्यायामशाळा!

'मुळातल्या शरीरा'त थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. मॉरिस यांनीच पुढे गणवेशाच्या पँटींची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा नोकरीला लागतानाच कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या. पण कमरेचा हिशेब धरूनही फरक उरलाच.

पाणी कमी प्यायच्या सल्ल्यावर काय बोलायचं? मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून घाम गाळणाऱ्याला मुतखडा हवा असेल तर जरूर ऐकावं. लघवी दाबून ठेवणं ही ड्रायव्हरची सवय नव्हे, नाइलाज आहे, आणि त्यावर उपाय स्वच्छ संडास. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि रात्री थांबणाऱ्यांसाठी विश्रांतीगृह, दोन्ही लिहिलेलं होतं. वस्तीच्या गाडीच्या मागच्या बाकावर मच्छरदाणी बांधून झोपलेल्या ड्रायव्हरला हे वाचून दाखवा, हसेल तो.

इथे शिबिरवाल्यांनाही ऐकवायचं आहे. सकाळी बॅनर, दुपारी केळं नि बिस्किटपुडा, संध्याकाळी फोटो आणि रिपोर्ट कुठे तर कोणाला ठाऊक नाही, अशी शिबिरं मीही पाहिली आहेत. वस्तीची गाडी करून आलेल्याला झोपमोड करून योगासनाला उभं केलं तर तो शिव्याच घालणार. तपासणी ड्युटीच्या वेळेत व्हावी, जास्त निघालेला बीपी महिनाभरात परत मोजावा, पाळ्या लावताना झोपेचा विचार व्हावा. एवढं झालं तर योगा नंतर बघू.

घरी बसवण्याची भीती मात्र मला खोटी म्हणता येत नाही. हलकी ड्युटी मिळाली की ओव्हरटाइम गेला, आणि दादाच्या घराचे हप्ते त्यातूनच जातात. पण एकदा बीपी जास्त दिसला म्हणून कोणी कायमचा अनफिट होत नाही. गोळीने ताब्यात असलेला बीपी घेऊन माणसं वर्षानुवर्षं गाडी चालवतात. दादाही तेच करत होता, आगळ येईपर्यंत.

रात्री त्याने माझ्यासमोर गोळी घेतली. डॉक्टरांकडे सोमवारी ड्युटीआधी आम्ही दोघं गेलो. बाटली वहिनीने फडताळात परत ठेवली, आणि स्ट्रिप आता जेवणाच्या डब्याच्या झाकणाला रबरबँडने लावलेली असते. झाकण उघडायचं तर आधी तिला हात लागतो.